बुजवलेली खाच

दाखल क्रमांक अकरा हजार चारशे ब्याऐंशी ही आमच्या वाचनालयातली एकमेव कॅसेट आहे. ती मी बिघडवली. अकरा वर्षं हे कोणाला सांगितलं नाही, आणि गेल्या महिन्यात सांगावं लागलं. ते कसं सांगितलं आणि पुढे काय झालं, तेवढंच लिहायचं आहे. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. ज्या प्रकारच्या गाण्यांबद्दल लिहितो आहे त्यांतलं तर नाहीच.

कॅसेट समिधाची. समिधा भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढली. वडील तिथे ऑपरेटर होते. चौदा वर्षांची असताना ती कर्जतला आमच्या वाचनालयात यायला लागली, आणि पहिली दोन वर्षं तिने जुन्या दिवाळी अंकांतल्या व्यंगचित्रांच्या पानांपलीकडे काही वाचलं नाही. मी तेव्हा ग्रंथपाल होतो. एकदा तिने परत केलेल्या अंकात, तारखांच्या चिठ्ठीच्या मागे, मला एक चित्र सापडलं. विजेचा उंच खांब, चष्मा लावलेला, मान थोडी पुढे वाकलेली. खाली लिहिलं होतं, 'पाय दुखतात. पण सांगू कोणाला?'

नियमाप्रमाणे दंड करायला हवा होता. मी चिठ्ठी हळूच सोडवून घेतली आणि अंकाला नवी चिकटवली. पुढच्या अंकात खांब पुन्हा आला. त्याचं नाव उभेराव होतं. उभेरावांना बसायचं असे, पण खुर्ची मागायचा संकोच वाटे; कावळे डोक्यावर बसत, तेही त्यांना 'बसू का' असं विचारत नसत. अशा त्रेसष्ट चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. उभेराव कोणासारखे दिसतात हे वाचनालयात सगळ्यांना केव्हाच कळलं होतं. मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर तिला विचारायचा धीर झाला नाही.

विसाव्या वर्षी तिने एक जुनी गिटार मिळवली आणि मला येऊन सांगितलं की ती आता पंक वाजवणार. हा शब्द मला कोशात सापडला नाही, म्हणून मी तिलाच अर्थ विचारला.

"तीन सूर आणि एक तक्रार, काका," ती म्हणाली.

तिच्या जोडीला शुक्रा होता. शुक्रा वसाहतीजवळच्या गावातला, लग्नांतल्या बेंजो पार्टीत ढोल वाजवायचा. समिधाच्या गाण्यात मात्र तो रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा उलटा करून वाजवी. दोघांनी मिळून आपल्या गटाचं नाव ठेवलं 'भारनियमन'. वसाहतीत कधी वीज जायची नाही आणि शुक्राच्या घरी रोज जायची, त्याची तिला लाज वाटे. नाव त्यातून आलं.

व्याख्यानं ध्वनिमुद्रित करायला घेतलेला एक टेपरेकॉर्डर वाचनालयात पडून होता. तो मी तिला माझ्या जबाबदारीवर दिला. त्या दोघांनी वसाहतीतल्या स्वयंपाकघरात, ओट्यावर तो ठेवून, दोन दिवसांत नऊ गाणी भरली. मला आणून ऐकवली. सगळीकडे खरखर होती. एका गाण्यात कुकरच्या दोन शिट्ट्या, दुसऱ्यात कोणीतरी 'दूध उतू चाललंय' असं ओरडतंय. मी भीतभीत सुचवलं की घर शांत असताना पुन्हा भरून पाहावं.

"शांत घर कोणाचं असतं, काका?" तिने विचारलं.

मी एकटा राहतो. माझं असतं, असं म्हणणार होतो, पण म्हटलं नाही.

त्या वेळी कॅसेटी कोणी घेत नसे. खोपोलीच्या एका दुकानाने उरलेल्या कोऱ्या कॅसेटी काढून टाकल्या होत्या, त्यांतल्या तीस तिने आणल्या आणि एकेक करून भरल्या. प्रत्येकीबरोबर उभेरावांची आठ पानांची झेरॉक्स केलेली चित्रपुस्तिका, मधोमध दोन पिना मारलेली. नाव 'पाय दुखतात'. एक प्रत तिने वाचनालयाला दिली आणि मी ती रीतसर दाखल केली. विषयाच्या रकान्यात काय लिहावं याचा मी दोन दिवस विचार केला आणि शेवटी 'संगीत व विनोद' लिहिलं. कार्यकारिणीतल्या एका सभासदाने ती ऐकून यांतलं नेमकं कोणतं ते विचारलं होतं.

त्यानंतर पंधरा वर्षांत समिधाच्या नऊ कॅसेटी आणि चौदा चित्रपुस्तिका निघाल्या. ती पुण्याच्या एका तळघरात गायली, मुंबईत गच्च्यांवर, बंगळुरात, एकदा काठमांडूला. ऐकायला वीस माणसं असली तर गर्दी झाली असं ती म्हणते. पोटासाठी खोपोलीच्या कारखान्यांत लावायचे सुरक्षिततेचे फलक रंगवते. हेल्मेट घाला, हात मध्ये घालू नका. फलकाच्या कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, एक चष्मेवाला खांब लपलेला असतो. अजून एकाही व्यवस्थापकाच्या तो लक्षात आलेला नाही.

शुक्रा मात्र पहिल्या कॅसेटनंतर सुटला. त्याचं लग्न झालं, टेंपो घेतला, काही वर्षांनी बेंजो पार्टीही सोडली. पुढच्या सगळ्या कॅसेटींत ती एकटी आहे.

आता माझं काम सांगतो.

कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत दोन छोटे चौकोनी तुकडे असतात. ते मोडून टाकले की टेपरेकॉर्डरचं लाल बटण खाली दाबलं जात नाही, आणि कॅसेटवर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. समिधाने तीसही कॅसेटींचे तुकडे मोडले होते. हे मला माहीत नव्हतं. मी चाळीस वर्षं पुस्तकं सांधली आहेत. फाटका कोपरा दिसला की माझा हात खळीच्या वाटीकडे जातो. कॅसेट हाती आली त्याच आठवड्यात मला तिच्या पाठीवर दोन भोकं दिसली. नवी वस्तू अशी फुटकी कशी दिली, असं वाटलं; तिला सांगितलं तर वाईट वाटेल, असंही वाटलं. बांधणीच्या तांबड्या कापडाच्या दोन पट्ट्या कापल्या, खळ लावली, कडा हाडाच्या पट्टीने दाबून बसवल्या. काम छान झालं होतं. मला स्वतःच्या कामाचा क्वचितच अभिमान वाटतो. त्या दिवशी वाटला.

पुढे चार वर्षं, दुपारी एक ते तीन वाचनालय बंद असे तेव्हा, मी आतून कडी लावून ती कॅसेट ऐकत असे. सगळी नाही. मुख्यतः चौथं गाणं, 'उभेराव, बसा'. कितीदा ऐकलं ते सांगायला संकोच वाटतो.

मग माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर डोळ्यांवर हिरवट काळा चष्मा होता. त्या चष्म्यातून टेपरेकॉर्डरची सगळी बटणं एका रंगाची दिसत. एका दुपारी मी कॅसेट चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला आणून लावली, बटण दाबलं. आवाज आला नाही. रिळं फिरत होती. मी आवाज वाढवला, तरी नाही. वाटलं, सुरुवातीला थोडी मोकळी जागा असेल, विसरलो असेन. थांबलो. थांबलो असताना ते गाणं मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. पहिलं कडवं झाल्यावर खुर्ची ओढून जवळ बसलो आणि वाट पाहत राहिलो. मग चष्मा वर करून बघितलं, तेव्हा खाली दबलेलं बटण लाल होतं.

तीन मिनिटं चाळीस सेकंद. गाणं संपूर्ण गेलं होतं.

मी कॅसेट डबीत घातली, डबी कपाटात ठेवली आणि त्यानंतर कधी लावली नाही. दरवर्षीच्या पुस्तकमोजणीत तिच्या क्रमांकापुढे 'हजर' अशी खूण मीच करत होतो. निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं की आता ही खूण दुसरं कोणी करेल. हर्षला, नवी ग्रंथपाल, हिने मला त्या कपाटाची किल्ली मानाने माझ्याकडेच ठेवायला सांगितली.

गेल्या महिन्यात समिधा वाचनालयात आली; निवृत्तीनंतरही मी तिथे रोज बसतो. पस्तिशी उलटली आहे, एका कानामागे पेन्सिल असते. पुण्याची दोन मुलं 'पाय दुखतात' नव्याने काढणार आहेत, चित्रपुस्तिकेसकट, असं तिने सांगितलं. पण तिच्याकडची प्रत राहिली नव्हती. वडील निवृत्त झाल्यावर वसाहत सोडली, खोकी दहिवलीच्या भाड्याच्या खोलीत पोटमाळ्यावर गेली, आणि मूळ कॅसेटीसकट सगळ्यांवर बुरशी चढली. तीस जणांपैकी जे सापडले त्यांना विचारून झालं होतं. कोणाची हरवली, एकाची यंत्राने चावली, एकीने तर कधी उघडलीच नव्हती म्हणून आनंदाने पाठवली, ती कोरी निघाली. भरताना चुकून राहिली असणार.

"बाकीची आठ मी डोळे मिटून पुन्हा वाजवीन," ती म्हणाली. "पण उभेराव नाही. ते मी गातागाताच रचलं होतं. कुठे लिहिलेलं नाही. नंतर शुक्राशिवाय म्हणावंसं वाटलं नाही, आता पहिल्या कडव्यापुढे आठवत नाही. आणि शुक्राने डबा वाजवलेला जगात तेवढाच आहे. तुमच्याकडे दाखल आहे ना, काका? मी त्या पोरांना सांगितलं, माझ्या गावात एक माणूस आहे, तो काही हरवत नाही."

मी तिला किल्ली सापडत नाही असं सांगितलं. किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. हर्षलाने रजिस्टरमधून मान वर करून माझ्या खिशाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

रविवारी घेऊन येतो, एवढं मी बोलून गेलो. मधले चार दिवस मी वेगवेगळी वाक्यं तयार केली. काही लिहूनही काढली. दमट हवेने गाणं पुसलं गेलं असावं, असं एक होतं. ते मी तीन वेळा लिहिलं, कारण ते सगळ्यांत चांगलं जमलं होतं. तिला खरं कधीच कळलं नसतं. पण त्या कॅसेटवर माझा आवाज होता, आणि तो पुसायचा म्हणजे पुन्हा लाल बटण दाबायचं. शनिवारी दुपारी मी टेपरेकॉर्डरसमोर बसून बोट त्या बटणावर ठेवलंही. मग उचललं. कागद फाडले.

रविवारी सकाळी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून दहिवलीला गेलो. तिच्या खोलीत भिंतीला टेकून चार फलक वाळत होते, गिटार पलंगावर होती. तिने चहा ठेवला. तो उकळायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, पट्ट्यांपासून चष्म्यापर्यंत, आणि तिच्याकडे न पाहता कॅसेट लावली.

तिसरं गाणं संपलं. खरखर थांबली, आणि माझ्या वाचनालयाची शांतता ऐकू आली. पंखा. बटण फिरवल्याचा कर्र आवाज. मग एक म्हातारा, बारीक, घशातल्या घशात म्हणत होता:

उभेराव, बसा जरा,
आम्ही धरतो तारा,
गेला उजेड तर जाऊ दे,
अंधार आमचा बरा.

त्यानंतर खुर्ची ओढली गेली. एक सुस्कारा. रस्त्यावरून टेंपो गेला. मग बराच वेळ काही नाही, आणि एकदम पाचवं गाणं.

समिधाने यंत्र बंद केलं. चहा उतू गेला तरी ती उठली नाही. मी उठून गॅस बंद केला.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "मी दर महिन्याला यायचे तुमच्याकडे."

मी हो म्हटलं.

"मला राग गाण्याचा नाही आलेला. तेव्हाच सांगितलं असतंत तर मला शब्द आठवत होते. तेव्हा शुक्राही लग्नांत वाजवत होता."

माझं सगळं आयुष्य, तेव्हाच सांगितलं असतं तर, अशा गोष्टींनी भरलेलं आहे, पण ते तिला सांगून काय उपयोग. मी पिशवीची घडी करायला लागलो. मग मला वाटलं की आणखी एक गोष्ट न सांगता गेलो, तर ती पुन्हा अकरा वर्षं राहील, आणि तेवढी आता माझ्याकडे असतीलच असं नाही.

"मला पुढचं येतं," मी म्हटलं.

"पुढचं काय?"

"गाणं. शेवटपर्यंत."

तिने पेन्सिल कानामागून काढली, कागद शोधला. मी शब्द सांगायला लागलो तर तिने हात वर केला. "असं नाही. शब्दांनी मला चाल आठवणार नाही. म्हणा."

मी चौऱ्याहत्तर वर्षांत कोणासमोर गायलेलो नाही. शाळेत प्रार्थनेलाही ओठ हलवायचो. मी भिंतीकडे तोंड केलं. समोर फलकावरचा माणूस हेल्मेट घालून हसत होता, त्याच्याकडे बघत सुरू केलं.

उभेराव, खुर्ची आहे,
पाय एक कमी आहे,
तीन पायांवर बसणाऱ्यांची
आमची कंपनी आहे.

आवाज फाटला. दुसऱ्यांदा म्हटलं. मागे गिटार हळूच सुरू झाली, एक सूर, मग दुसरा. ती चाचपडत होती, मी चुकीच्या पट्टीत होतो, तिने पट्टी माझ्याजवळ आणली. तिसऱ्या कडव्यात मी अडलो. चौथी ओळ मला कधीच ऐकू आली नव्हती, तिथे डबा फार जोरात वाजतो, असं मी तिला सांगितलं. ती ओळ काय होती यावर मी चार वर्षं तर्क केले होते.

समिधा थांबली, आणि मग हसायला लागली. त्या दिवशी पहिल्यांदा.

"तिथे ओळ नव्हतीच, काका. मी शिवी दिली होती. आई बाहेर होती म्हणून शुक्राने डबा बडवला."

पुढच्या गुरुवारी वाचनालयाला सुट्टी होती. हर्षलाने दार उघडून दिलं. शुक्रा खोपोलीहून टेंपो घेऊन आला होता, केस पांढरे, पोट सुटलेलं. रंगाचा डबा त्याने वाटेत कोणाच्या तरी बांधकामावरून मागून आणला होता. दारातच म्हणाला, "मास्तर, तुमी आमचं गाणं खाल्लं म्हनं." मग माझा चेहरा पाहून त्याने माझा दंड धरला. "जाऊ द्या हो. मला तरी कुठं आठवतंय. हात चालतो का नाय त्याचीच बोंब हाय."

"चालंल रं, बस," समिधा त्याला त्याच्याच बोलीत म्हणाली.

त्याचा हात पहिल्या दोन वेळा चालला नाही. तिसऱ्या वेळी चालला. टेबलावर तोच टेपरेकॉर्डर होता, त्यात नवी कॅसेट. लाल बटण दाबायचं काम तिने मला दिलं होतं, आणि मी दर वेळी चष्मा वर करून खात्री करून घेत होतो. हर्षलाने रस्त्याकडची खिडकी लावायला घेतली, तर समिधाने राहू दे म्हणून सांगितलं. चौथ्या वेळचं गाणं त्या दोघांना पसंत पडलं. त्यात एक स्कूटर आहे, आणि तिसऱ्या कडव्यात शुक्राचा डबा जोरात वाजतो, कारण बाहेरच्या खोलीत हर्षला होती.

सामान आवरून झाल्यावर समिधाने जुनी कॅसेट, दाखल क्रमांक अकरा हजार चारशे ब्याऐंशी, माझ्यासमोर ठेवली. आजचं गाणं पुण्याच्या मुलांकडे जाईल, असं तिने सांगितलं. पण त्याच्या आधी, तिसऱ्या गाण्यानंतर, तिला माझं कडवं जसंच्या तसं हवं होतं, पंखा आणि खुर्चीसकट.

"तुम्हाला नको असेल तर नाही," ती म्हणाली. "माझी शपथ. पट्टी अजून आहे, बटण दाबलं की जाईल. मी बाहेर थांबते. तुम्ही ठरवा."

तिने खरंच दार लोटून घेतलं. बाहेर शुक्रा टेंपोत डबा चढवत होता, तो वाजला.

मी कॅसेट हातात घेतली. अनोळखी माणसं, पुण्यातली, बंगळुरातली, माझा तो आवाज ऐकणार, हे मनात येऊन कानशिलं तापली. ते हसतील असं वाटलं. मग वाटलं, उभेरावांच्या पुस्तिका पाहून ती माणसं पंधरा वर्षं हसतच आली आहेत, आणि त्याने माझं काही बिघडलं नाही. उलट मी त्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या.

टेबलाच्या खणात माझं बांधणीचं दाभण अजून होतं. त्याचं टोक मी तांबड्या पट्टीच्या कडेखाली घातलं. खळ चांगली लावली होती. पट्टी निघायला वेळ लागला.